लँडेसबेर्गेन–वेरेनडॉर्फ: न केलेल्या एन-१ तपासणीचा प्रकरण अभ्यास

शनिवार, ४ नोव्हेंबर २००६. रात्री २१:३८ वाजता जर्मनीच्या वायव्य भागात एम्स नदी ओलांडणाऱ्या कॉनेफोर्डे–डीले या ३८० केव्ही दुहेरी वाहिनीचे पहिले सर्किट ठरवून बंद करण्यात आले आणि २१:३९ ला दुसरे. पापेनबुर्गच्या गोदीत बांधलेले ‘नॉर्वेजियन पर्ल’ हे उंच प्रवासी जहाज नदीतून समुद्राकडे न्यायचे होते. जहाज खालून जाताना वाहिनी बंद ठेवण्याची पद्धत तिथे आधीपासून रूढ होती. अर्ध्या तासाने, २२:१०:१३ ला, तिथून बऱ्याच दक्षिणेला असलेली लँडेसबेर्गेन–वेरेनडॉर्फ ही दुसरीच ३८० केव्ही वाहिनी अतिभारामुळे ट्रिप झाली, म्हणजे संरक्षण यंत्रणेने ती आपोआप बंद केली. त्यानंतर अवघ्या १५ सेकंदांत, २२:१०:२८ ला, पश्चिम आणि मध्य युरोपचे एकसंध ग्रीड तीन तुकड्यांत फाटले. दीड कोटीहून अधिक घरांचा वीजपुरवठा खंडित झाला.

ग्रीड सुरक्षिततेच्या अभ्यासकाने हे प्रकरण बारकाईने पाहावे, कारण त्या रात्री वादळ नव्हते, शॉर्टसर्किट झाले नव्हते, कुठलाही ट्रान्सफॉर्मर जळाला नव्हता. २२:०५ पर्यंत प्रत्येक उपकरण आपल्या मर्यादेत चालू होते. असुरक्षित होती ती पुढची, अजून न घडलेली अवस्था. तिचा आकडा त्या भागाची जबाबदारी असलेल्या नियंत्रण कक्षाने काढला नव्हता. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या यूसीटीई या तत्कालीन युरोपीय ग्रीड संघटनेच्या अंतिम अहवालाने दोन मूळ कारणे नोंदवली: त्या भागाचे ग्रीड चालवणाऱ्या ई.ऑन नेट्झ कंपनीच्या क्षेत्रात एन-१ निकष (कोणताही एक घटक गेला तरी ग्रीड टिकले पाहिजे) पाळला गेला नव्हता आणि शेजारी ग्रीड चालकांमधला समन्वय अपुरा होता. आमच्या मते दुसरे कारण बरेचसे पहिल्याच्या पोटात येते. आकडा काढला असता तर शेजाऱ्याशी नेमके काय बोलायचे, तेही कळले असते.

निकष नेमका काय मागतो

एन-१ ची अट (एन म्हणजे चालू घटकांची संख्या, त्यातून एक वजा) सांगायला सोपी आहे. आत्ता चालू असलेल्या घटकांपैकी कोणताही एक (वाहिनी, ट्रान्सफॉर्मर, जनित्र) अचानक गेला, तरी उरलेल्या घटकांवरचा भार त्यांच्या मर्यादेत राहिला पाहिजे, व्होल्टेज ठरलेल्या पट्ट्यात राहिले पाहिजे, जनित्रे एकमेकांच्या तालात राहिली पाहिजेत आणि एका ट्रिपमधून दुसरी ट्रिप उद्भवता कामा नये.

या वाक्यातला ‘आत्ता चालू असलेल्या’ हा भाग कामाच्या गडबडीत निसटतो. देखभालीसाठी किंवा जहाजासाठी दोन सर्किटे बंद केली की एन-१ मधला एक वापरून झाला, आता एन-३ चा विचार करावा, असे नसते. ती दोन सर्किटे वजा करून जे उरते, तेच नवे एन. निकष त्याला पुन्हा पहिल्यापासून लागू होतो. नियोजित आउटेजपूर्वीच्या अभ्यासात म्हणून दोन प्रश्न असतात. वाहिनी बंद केल्यावर भार कुठे जाईल? आणि त्या नव्या स्थितीत आणखी एक घटक गेला तर काय होईल? त्या रात्री पहिल्याचे उत्तर काढले गेले, दुसऱ्याचे अनुभवावरून गृहीत धरले गेले.

आधीचे सात आठवडे

गोदीचा अर्ज १८ सप्टेंबरला आला होता. वाहिनी ५ नोव्हेंबरच्या रात्री ०१:०० वाजता बंद करावी, अशी विनंती होती. ई.ऑन नेट्झने अभ्यास केला. त्या वेळेसाठी एन-१ चे उल्लंघन दिसले नाही. २७ ऑक्टोबरला तात्पुरती संमती दिली गेली आणि टेनेट व आरडब्ल्यूई या शेजारी ग्रीड चालकांना कळवले गेले. त्यांनीही आपापली गणिते केली. वाहिनी बंद असताना जर्मनीतून नेदरलँड्सकडे जाणारा भार जपून ठेवावा लागणार, म्हणून ५ नोव्हेंबरच्या पहाटेच्या तासांसाठी सीमापार विक्रीची क्षमता कमी करण्यात आली. इथपर्यंतचे काम नमुनेदार आहे.

३ नोव्हेंबरला दुपारच्या सुमारास गोदीने वेळ तीन तास अलीकडे, म्हणजे ४ तारखेला २२:०० ला आणण्याची विनंती केली. ई.ऑन नेट्झने पुन्हा तपासून तात्पुरता होकार दिला. शेजाऱ्यांना मात्र हा बदल ४ तारखेच्या संध्याकाळी साधारण १९:०० वाजता कळला. तोवर त्या रात्रीच्या २२:०० ते २४:०० या तासांसाठी सीमापार क्षमतेचे लिलाव होऊन गेले होते आणि नियमांनुसार आता ती क्षमता मागे घेता येत नव्हती. पहाटेसाठी केलेली कपात रात्री दहाला उपयोगाची नव्हती. त्यात उत्तर जर्मनीत वारा जोरात होता आणि पवनचक्क्यांची वीज पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे वाहत होती.

तीन तासांचा फरक लहान वाटतो. पण सुरक्षिततेचा अभ्यास एका विशिष्ट अवस्थेचा असतो: इतका भार, इतकी निर्मिती, इतका व्यापार, ही जोडणी. रात्री एकची अवस्था आणि रात्री दहाची अवस्था ही दोन वेगळी ग्रीड आहेत, तारा आणि मनोरे तेच असले तरी. वेळ बदलली की जुना अभ्यास फाइलमध्ये ठेवायचा आणि नवा करायचा. तो शेजाऱ्यांच्याही नव्या आकड्यांवर करायचा.

२१:२९ ची तपासणी आणि तिने न सांगितलेले

स्विचिंगच्या नऊ-दहा मिनिटे आधी, २१:२९ ला, ई.ऑन नेट्झच्या कक्षात लोड फ्लो (कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहील याचे गणित) चालवला गेला. वाहिनी बंद झाल्यावर कोणत्याही घटकाची मर्यादा ओलांडली जात नाही, असे उत्तर आले. एन-१ ची संख्यात्मक तपासणी झाली नाही. अनुभवावरून निकष पाळला जाईल असे धरले गेले. २१:३० च्या सुमारास शेजाऱ्यांना फोन गेले. आरडब्ल्यूईने मात्र लोड फ्लो आणि एन-१ दोन्ही चालवले. आपले ग्रीड बऱ्यापैकी भारलेले पण सुरक्षित आहे, असे त्यांनी कळवले. ते उत्तर त्यांच्या स्वतःच्या क्षेत्रापुरते होते.

लोड फ्लोमध्ये मर्यादा न ओलांडणे आणि सुरक्षित असणे यांत किती अंतर असू शकते, ते एका छोट्या उदाहरणात हाताने मोजता येते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

दोन उपकेंद्रांमध्ये तीन समांतर वाहिन्या आहेत. रिअ‍ॅक्टन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) अनुक्रमे २०, २० आणि ४० ओहम. एकूण १००० मेगावॉट जायचे आहेत. भार रिअ‍ॅक्टन्सच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो, म्हणून ४००, ४०० आणि २०० मेगावॉट. पहिल्या दोन वाहिन्यांची मर्यादा ६५० धरा. लोड फ्लोच्या पडद्यावर त्या ६२ टक्क्यांपेक्षाही कमी भारलेल्या दिसतात, सगळे हिरवे. आता पहिली वाहिनी गेली असे धरा. उरलेल्या दोघींमध्ये ६६७ आणि ३३३ अशी वाटणी होते. दुसरी वाहिनी मर्यादेबाहेर गेली. या जोडणीत एन-१ सुरक्षित राहायचे तर एकूण भार ९७५ मेगावॉटपेक्षा जास्त चालणार नाही, आणि हा आकडा मूळ लोड फ्लोच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही.

नियंत्रण कक्षातील संगणक हेच काम आउटेज गुणांकांनी करतात. पहिली वाहिनी गेल्यावर तिच्या ४०० पैकी २६७ दुसरीकडे वळले, म्हणून दुसरीसाठी गुणांक ०.६६७. तिसरीकडे १३३ वळले, म्हणून तिथे ०.३३३. नवा प्रवाह म्हणजे जुना प्रवाह अधिक गुणांक गुणिले बंद पडणाऱ्या वाहिनीचा प्रवाह. हजारो घटकांच्या ग्रीडमध्येही हे गणित पटकन होते, म्हणून पहिली चाळणी याच रीतीने लावतात.

खरा धोका पुढे आहे. समजा पहिली आणि दुसरी अशा दोन्ही वाहिन्या गेल्या. जुने गुणांक नुसते बेरजेत वापरले तर तिसरीवर २०० + १३३ + १३३, म्हणजे ४६६ मेगावॉट येतात. प्रत्यक्षात तिसरी एकटीच उरली आहे आणि तिच्यावर पूर्ण १००० येणार. गुणांक जोडणीवर अवलंबून असतात. एक वाहिनी गेली की उरलेल्यांचे सगळे गुणांक बदलतात. अनुभवाचेही तसेच आहे. नियंत्रण कक्षातील माणसाच्या डोक्यात ‘ही वाहिनी गेली की तिकडे साधारण इतका भार चढतो’ असे जे पक्के बसलेले असते, ते पूर्ण जोडलेल्या ग्रीडमधले गुणांक असतात. कॉनेफोर्डे–डीलेची दोन्ही सर्किटे उघडल्यावर, म्हणजे बंद केल्यावर, ते लागू राहत नाहीत. अनुभवी माणसाचा अंदाज नेमका या जागी चुकतो आणि त्यात त्याच्या कौशल्याची कमतरता नसते.

२१:३९ लाच इशारे येऊ लागले. एल्सेन–ट्विस्टेटाल आणि एल्सेन–बेष्टरडिसेन या वाहिन्यांवर भार जास्त होता. कॉनेफोर्डे–डीलेची दोन्ही सर्किटे तेव्हा परत जोडता आली असती का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. जहाज नदीत असताना ते सोपे नव्हते. पण आमच्या मते स्विचिंगच्या प्रत्येक योजनेत ‘कोणता आकडा दिसला तर मागे फिरायचे’ ही ओळ आधीच लिहिलेली असावी. दुसरे सर्किट उघडण्याआधी पहिल्यानंतरच्या अवस्थेवर एक पूर्ण एन-१ फेरी घ्यायला पुरेल इतके अंतरही दोघांत असावे. इथे ते अंतर एका मिनिटाचे होते.

मर्यादेचे दोन आकडे

२१:४१ ला आरडब्ल्यूईने ई.ऑन नेट्झला सांगितले की लँडेसबेर्गेन–वेरेनडॉर्फ वाहिनीवर आपल्या बाजूची सुरक्षा मर्यादा १७९५ अँपिअर आहे. त्या क्षणी करंट त्याहून कमी होता.

ही वाहिनी दोन कंपन्यांना जोडणारी. लँडेसबेर्गेनचे टोक ई.ऑन नेट्झचे, वेरेनडॉर्फचे आरडब्ल्यूईचे. दोन्ही टोकांचे संरक्षण वेगवेगळ्या आकड्यांवर बसवलेले होते. वेरेनडॉर्फला १७९५ अँपिअरवर इशारा आणि २१०० वर ट्रिप. लँडेसबेर्गेनच्या मर्यादा बऱ्याच वर होत्या. वाहिनी दोन टोकांची असते आणि कोणतेही एक टोक उघडले की ती गेली. म्हणून वाहिनीची खरी मर्यादा दोन्हींपैकी लहान आकडा. ई.ऑन नेट्झच्या कक्षातील मंडळी आपल्या टोकाचा मोठा आकडा मनात धरून निर्णय घेत होती, असे अहवालावरून दिसते.

३८० केव्हीच्या हिशेबाने १७९५ अँपिअर म्हणजे सुमारे ११८० एमव्हीए (इथे ढोबळमानाने मेगावॉट), आणि २१०० म्हणजे सुमारे १३८०. इशारा आणि ट्रिप यांत २०० एमव्हीएची जागा. २२:०५ ते २२:०७ या दोन मिनिटांत या वाहिनीवरचा भार शंभरहून अधिक मेगावॉटने वाढला आणि करंट १७९५ च्या वर गेला. इशारा आणि ट्रिप यांच्यामधली निम्मी जागा भरून काढील एवढी ही वाढ होती, आणि ती कोणत्याही बिघाडाविना झाली. तासाच्या सीमेवर व्यापाराचे वेळापत्रक बदलते, निर्मिती वरखाली होते, वारा बदलतो. २१:२९ चे उत्तर २२:०७ ला शिळे झालेले असते.

अभ्यासाच्या मॉडेलमध्ये मर्यादा भरताना म्हणून चार आकडे शोधावे लागतात: तारेची उष्णतेची मर्यादा, करंट ट्रान्सफॉर्मरची आणि आयसोलेटरची मर्यादा, आपल्या टोकाच्या रिलेचे (वाहिनी आपोआप उघडणाऱ्या संरक्षण उपकरणाचे) सेटिंग आणि पलीकडच्या टोकाच्या रिलेचे सेटिंग. चारांपैकी सर्वांत लहान तो खरा. प्रत्यक्षात बऱ्याच मॉडेलमध्ये पहिलाच आकडा भरलेला असतो आणि तोही वाहिनी उभारली तेव्हाचा. डिस्टन्स रिले अतिभार आणि शॉर्टसर्किट यांत फरक करतो तो व्होल्टेज आणि करंट यांच्या भागाकारावरून. करंट खूप वाढला आणि व्होल्टेज जरा खचले की भागाकार त्याच्या पट्ट्यात शिरतो आणि निरोगी वाहिनी बिघाडाची समजून उघडली जाते. सेटिंग बदलले की ते संरक्षण विभागाच्या नोंदवहीत चढते. नियंत्रण कक्षाच्या मॉडेलमध्ये ते पोहोचवण्याची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी असली पाहिजे.

२२:१० चा उपाय

२२:०८ ला आरडब्ल्यूईने फोन करून तातडीने काहीतरी करण्यास सांगितले. ई.ऑन नेट्झच्या मंडळींनी लँडेसबेर्गेन उपकेंद्रातील वेगळे चालवलेले बसबार (वाहिन्या जिथे येऊन मिळतात त्या मुख्य पट्ट्या) कपलरने, म्हणजे त्यांच्यामधल्या स्विचने, जोडायचे ठरवले. त्यामुळे करंट सुमारे ८० अँपिअरने उतरेल असा अंदाज होता. लोड फ्लो चालवला नाही. आरडब्ल्यूईशी पुन्हा बोलणे झाले नाही. २२:१० ला कपलर मिटला, म्हणजे बसबार जोडले गेले. नंतर केलेल्या गणनेत दिसले की त्या कृतीने करंट ६७ अँपिअरने वाढला. वेरेनडॉर्फचा रिले चालला.

एवढ्या जाणत्या लोकांचा अंदाज दिशेतच कसा चुकला? बसबार जोडले की भार दोन वाटांत समान वाटला जाईल, अशी स्वाभाविक कल्पना असते. ती अर्धीच खरी आहे. पुन्हा केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ.

एका बाजूला वीज येते ते टोक स, दुसऱ्या बाजूला ती जाते ते टोक व. मध्ये उपकेंद्रात दोन बसबार, अ आणि ब. अ पासून व पर्यंत २० ओहम, ही आपली चिंतेची वाहिनी. ब पासून व पर्यंत ४० ओहम. स पासून अ पर्यंत ३० आणि स पासून ब पर्यंत १० ओहम. एकूण १००० मेगावॉट. बसबार वेगळे असताना दोन्ही वाटा ५० ओहमच्या, म्हणून प्रत्येकीवर ५००. कपलर मिटवला की अ आणि ब एकच झाले. पुढची वाटणी केवळ २० आणि ४० वर ठरते, ६६७ आणि ३३३. चिंतेच्या वाहिनीवर १६७ मेगावॉट वाढले. आता अलीकडचे दोन आकडे अदलाबदल करा: स ते अ १० आणि स ते ब ३०. वेगळे असताना वाटा ३० आणि ७० ओहमच्या, म्हणून चिंतेच्या वाहिनीवर ७०० मेगावॉट. कपलर मिटवला की ६६७. इथे भार उतरला.

उपकेंद्र तेच, कपलर तोच, वाहिनी तीच. एकदा उपाय अपाय ठरला, एकदा बरा ठरला. फरक पडला तो अलीकडच्या ग्रीडमुळे, जे कपलरपाशी बसलेल्याला दिसत नाही. पहिल्या मांडणीत बसबार वेगळे ठेवणे म्हणजे कमी रिअ‍ॅक्टन्सच्या वाहिनीसमोर अडसर घालणे, आणि जोडणे म्हणजे तो काढणे. आसपास अनेक घटक बंद असताना कोणता अडसर कशाला अडवतो आहे हे मनात मांडणे कुणालाही शक्य नाही.

८० ने उतरेल असे वाटणे आणि ६७ ने चढणे, मिळून १४७ अँपिअरची चूक. एका लोड फ्लोने ती दिसली असती, आणि लोड फ्लोला काही सेकंद पुरतात. घाई खरी होती. पण ‘वेळ नाही’ या कारणाने गणित टाळले जाते तेव्हा बहुतेकदा वेळ संगणकाला लागत नसतो. तो लागतो आत्ताची अवस्था अभ्यासाच्या पडद्यावर आणायला, कपलरची स्थिती बदलायला, उत्तर वाचायला. हे सगळे दोन-तीन क्लिकमध्ये व्हावे अशी व्यवस्था शांत दिवशी करून ठेवायची असते. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक गंभीर कंटिन्जन्सीसमोर (एखादा घटक अचानक जाण्याच्या शक्यतेसमोर) तिचा तपासलेला उपाय आधीच लिहिलेला असणे, आणि जोडणी बदलली की उपायांचीही पुन्हा तपासणी होणे.

पंधरा सेकंद

पुढचे थोडक्यात. लँडेसबेर्गेन–वेरेनडॉर्फचा भार जवळच्या २२० आणि ३८० केव्ही वाहिन्यांवर गेला. बीलेफेल्डजवळची २२० केव्ही वाहिनी दोन सेकंदांत गेली, मग बेष्टरडिसेन–एल्सेन, आणि फाटत गेलेली रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे आल्प्स ओलांडून उतरली. पश्चिम तुकड्यात जवळजवळ ९००० मेगावॉटची तूट पडली. वारंवारता ४९ हर्ट्झपर्यंत घसरली आणि स्वयंचलित रिलेंनी सुमारे १७००० मेगावॉट भार तोडला. ईशान्य तुकड्यात १०००० मेगावॉटहून अधिक वीज जास्त झाली आणि वारंवारता क्षणभर ५१.४ हर्ट्झला टेकली. आग्नेय तुकड्यात सुमारे ७७० मेगावॉटची तूट राहिली, तिथे ४९.७ वर निभावले. ३८ मिनिटांत तिन्ही तुकडे पुन्हा जोडले गेले आणि दोन तासांच्या आत पुरवठा पूर्ववत झाला. ते काम खरोखर कौतुकाचे होते.

एक गोष्ट मात्र सुरक्षितता-अभ्यासाच्या दृष्टीने इथेच नोंदवायला हवी. पश्चिम तुकड्यात सुमारे १०९०० मेगावॉट निर्मितीही ट्रिप झाली. तिच्यात पवनचक्क्यांचा वाटा मोठा होता, कारण त्यांची संरक्षण-सेटिंग ४९.५ हर्ट्झच्या आसपास होती. ज्या क्षणी वीज हवी, त्याच क्षणी त्या बाहेर पडल्या. ईशान्य तुकड्यात उलटे झाले. वारंवारता वाढल्यावर चक्क्या बंद पडल्या, पण मग ती उतरताच आपोआप परत जोडल्या गेल्या आणि आधीच जास्त असलेल्या विजेत भर पडली. ग्रीड चालकांना त्यांच्यावर थेट ताबा नव्हता. वितरण पातळीवर जोडलेली निर्मिती मॉडेलमध्ये केवळ ‘भारातून वजा’ म्हणून दाखवली की अशी प्रतिक्रिया अभ्यासात कधीच दिसत नाही.

तपासणी कशी झाली असती

त्या रात्रीची योग्य तपासणी कशी दिसली असती, ते पावलांत मांडता येते. २१:२९ ला हाताशी असलेल्या साधनांनी ती होण्यासारखी होती.

आधी पाया. स्टेट एस्टिमेटरचे (मोजमापांवरून ग्रीडची आत्ताची अवस्था काढणाऱ्या संगणक प्रणालीचे) ताजे उत्तर घ्यायचे आणि त्यातली जोडणी डोळ्यांनी तपासायची, कारण एका ब्रेकरची चुकीची स्थिती पुढची सगळी उत्तरे बिघडवते. इथे लँडेसबेर्गेनचे बसबार वेगळे आहेत, हे मॉडेलमध्ये तसे दिसायलाच हवे. शेजाऱ्यांचे ग्रीड समतुल्य करून (साध्या, छोट्या रूपात) घेतलेले असेल तर ते समतुल्य कोणत्या जोडणीवर बनवले होते ते पाहायचे. नंतर कॉनेफोर्डे–डीलेची दोन्ही सर्किटे उघडून ही नवी मूळ अवस्था म्हणून जतन करायची. पुढच्या तासाचा अपेक्षित व्यापार आणि वारा घालून तिची दुसरी प्रतही करायची. स्विचिंग २१:३८ ला असले तरी वाहिनी रात्री उशिरापर्यंत बंद राहणार आहे.

मग कंटिन्जन्सीची यादी. आपल्या सगळ्या ३८० आणि २२० केव्ही वाहिन्या, ट्रान्सफॉर्मर, मोठी जनित्रे, बसबार, एकाच मनोऱ्यावरची दुहेरी सर्किटे, आणि शेजाऱ्यांचे ते घटक ज्यांच्या जाण्याने आपल्या वाहिन्यांवर लक्षणीय भार चढतो. हा शेवटचा गट सगळ्यांत दुर्लक्षित राहतो. कोणता परका घटक यादीत घ्यायचा ते प्रभाव-गुणांक काढून ठरवायचे, कंपनीची हद्द कुठे संपते त्यावरून नाही. जोडणी बदलली की हा संचही बदलतो.

गुणांकांच्या चाळणीने यादी खाली आणायची आणि उरलेल्यांवर पूर्ण एसी लोड फ्लो चालवायचा, कारण चाळणीला व्होल्टेज आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर दिसत नाही. चाळणीची सीमा शंभर टक्क्यांवर ठेवू नये. ८५ ते ९० टक्क्यांच्या वरचे सगळे पुढे पाठवावे. एखाद्या कंटिन्जन्सीसाठी लोड फ्लो जुळलाच नाही तर ती ओळ गाळायची नाही, यादीच्या सर्वांत वर ठेवायची. उत्तर न सापडणे हे बहुधा व्होल्टेज कोसळण्याचे लक्षण असते, आणि ते तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत तसेच धरायचे. जनित्र गेल्याची कंटिन्जन्सी असेल तर तूट एकाच स्लॅक केंद्रावर (गणितात तूट भरून काढणाऱ्या केंद्रावर) टाकायची नाही. ती प्राथमिक नियमनाच्या (वारंवारता घसरताच जनित्रे आपोआप देतात त्या प्रतिसादाच्या) प्रमाणात सगळ्या यंत्रांत वाटायची, नाहीतर वाहिन्यांवरचे प्रवाह भलतेच दिसतात.

ज्या कंटिन्जन्सीत एखादी वाहिनी रिलेच्या ट्रिप-आकड्यापलीकडे जाते, तिथे थांबायचे नाही. ती वाहिनीही काढून पुन्हा गणित करायचे. तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर भार उतरत गेला तर बिघाड स्थानिक आहे. चढत गेला तर ही साखळी आहे. लँडेसबेर्गेन–वेरेनडॉर्फ ही कंटिन्जन्सी म्हणून घेतली असती तर हीच साखळी कागदावर दिसली असती. घटनेनंतरच्या गणनांनी तेच दाखवले.

साखळी दिसल्यावर पर्याय दोनच: ती मोडणारा उपाय शोधून, तपासून, शेजाऱ्याच्या संमतीने तयार ठेवायचा, किंवा जहाजाला थांबायला सांगायचे. उपायांत स्वस्तापासून महागापर्यंत क्रम लावतात. आधी जोडणी बदलणे आणि फेज शिफ्टर (प्रवाह दुसऱ्या वाटेने वळवणारा ट्रान्सफॉर्मर), मग निर्मितीची फेरवाटणी, शेवटी भार कमी करणे. जनित्राला उतरायला वेळ लागतो. ट्रिपच्या आकड्याशी पोहोचायला दोन मिनिटे असतील तर १५ मिनिटे घेणारी फेरवाटणी बिघाडानंतरचा उपाय म्हणून मोजायची नाही, ती आधीच करून ठेवायची.

नंतरचे बदल

या घटनेनंतर युरोपात दोन-तीन वर्षांतच ग्रीड चालकांची सामायिक केंद्रे उभी राहिली. ब्रसेल्समधील कोरेसो ही त्यांपैकी एक, स्थापना २००८ ची. तिथे अनेक देशांची मॉडेले जोडून एकाच ग्रीडवर कंटिन्जन्सी तपासल्या जातात, त्यामुळे ‘माझ्या क्षेत्रात ठीक आहे’ हे उत्तर पुरेसे राहिले नाही. यूसीटीईचे काम २००९ मध्ये एन्त्सो-ई या संघटनेकडे गेले. युरोपीय संघाच्या २०१७/१४८५ क्रमांकाच्या नियमावलीने प्रत्येक चालकाला आपल्या निरीक्षण-क्षेत्राची, म्हणजे शेजाऱ्यांच्या संबंधित घटकांसह, कंटिन्जन्सी यादी ठेवणे बंधनकारक केले. सामान्य, अपवादात्मक आणि कक्षेबाहेरच्या अशा तीन वर्गांत ती विभागली जाते. शेजाऱ्यावर परिणाम करणारा उपाय त्याच्याशी ठरवूनच वापरायचा, हेही तिच्यात आले.

एकाच मनोऱ्यावरची दुहेरी सर्किटे यांपैकी अपवादात्मक वर्गात पडतात आणि वादळाची शक्यता वाढली की त्यांचा विचार सक्तीचा होतो. मात्र ज्या दिवशी दुसरीकडे एखादी दुहेरी वाहिनी मुद्दाम बंद ठेवलेली असते, त्या दिवशी हवामान स्वच्छ असले तरी हा वर्ग तपासणीत घ्यावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. यादीत त्यामुळे थोड्याच ओळी वाढतात आणि संगणकाला त्यांचा भार जाणवतही नाही.